हात न लावलेला फोटो

फोटोवाल्याचा हात हलका आहे असं सगळा रस्ता म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याच्या स्टुडिओत माणूस शिरायचा तो जागरणानं सुजलेला, उसनं हसू आणलेला, नेमका त्याच दिवशी हनुवटीवर फोड आलेला. फोटो बाहेर यायचा तो मात्र सुखी माणसाचा. या कामाला धंद्यात टचिंग म्हणतात. कॉम्प्युटरवर चेहरा मोठा करायचा, गालावरची चांगली कातडी उचलायची, वाईटावर ठेवायची, आणि कडा अशा मिसळायच्या की सख्ख्या आईला कळू नये. हे बऱ्याच जणांना जमतं, पण त्यांच्या हातून माणूस मेणाचा होतो. हा कातडीवरची बारीक लव तशीच ठेवायचा, एखादा तीळ मुद्दाम सोडायचा. तीळ सोडला की लोकांचा फोटोवर विश्वास बसतो, हे त्याच्या धंद्यातलं गुपित. "चेहरा तुमचाच राहील," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "मी फक्त त्रास काढून टाकतो."

रस्त्याच्या पलीकडे आणखी एक स्टुडिओ होता. त्याच्या मालकाला हा 'समोरचा' म्हणायचा, आणि तो मालकही ह्याला 'समोरचा'च म्हणायचा. पलीकडच्याचा हात जड. त्याच्याकडून फोटो काढून आणला की घरचे विचारतात, "आजारी होतास का रे?" हा विनोद फोटोवाल्यानंच पसरवला होता, आणि कुणी ऐकवला की पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा तो पोट धरून हसायचा.

घरात माणसं तीन. बायको बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला, पहिल्या पाळीला. तोंडानं फटकळ, पण शिकलेल्या माणसापुढे एकदम गप्प होणारी. आणि एक मुलगी. एकुलती एक, तिच्याहून मोठं पोर घरात कुणी नाही, तरी नाव पडलं बारकी. बारकी शाळेतून सुटली की थेट स्टुडिओत यायची. गिऱ्हाइकाला कंगवा द्यायचा, स्टूल वरखाली करायचं, "हनुवटी जरा खाली, काका," असं हुबेहूब बापाच्या आवाजात सांगायचं, ही तिची कामं. कुणाचं तान्हं पोर रडायला लागलं की ती कॅमेऱ्यामागे उभी राहून तोंड वेडंवाकडं करायची. डोळे फिरवायची, गाल फुगवायची, नाक वर ओढायची. पोर रडणं विसरून तिच्याकडे बघत बसायचं आणि बाप बटण दाबायचा. तिच्या डाव्या कानापाशी एक तीळ होता, तेवढा मात्र तोंडाबरोबर हलायचा नाही.

तेरावं सरलं आणि त्या तोंडावर मुरमं आली. पुस्तकात त्यांना तारुण्यपीटिका असं गोंडस नाव आहे. ज्याच्या तोंडावर येतात त्याला विचारावं, कसलं तारुण्य आणि कसलं काय.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. आत्या म्हणाली, टूथपेस्ट लावून झोप. शेजारीण म्हणाली, लिंबू चोळ. बारकीनं दोन्ही केलं आणि कातडी सोलवटून घेतली. पळसाला पानं तीनच, मुरमं कुणाला येत नाहीत, असं फोटोवाला म्हणत राहिला. पण जबड्याच्या कडेला आतून टणक गाठी यायला लागल्या, घास चावताना दुखायला लागल्या, तेव्हा बायको म्हणाली, "पुरे झालं घरचं डॉक्टरपण. मोठ्या शहरात त्वचेच्या डॉक्टर आहेत म्हणे. रजा टाकते, तिघं जाऊ."

अर्धा दिवस बसमध्ये गेला. डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी बारकीला दिव्याखाली बसवलं, बोटानं एकेक गाठ हलकेच दाबून पाहिली आणि सगळ्यात आधी म्हणाल्या, "यात तुझी काही चूक नाही, बरं का. तोंड कमी धुतलंस म्हणून हे झालेलं नाही."

बारकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"वरचे फोड आहेत ते मलमानं आणि या गोळ्यांनी जातील," डॉक्टर आईकडे वळून म्हणाल्या. "सुरुवातीला थोडं वाढल्यासारखं वाटेल, धीर धरा. माझं लक्ष आहे ते जबड्यावरच्या या गाठींवर. त्या वाढल्या तर मलमाचं काम नाही. मग रक्त तपासून मोठी गोळी चालू करायची, आणि ती वेळेवर करायची. उशीर झाला तर गाठ बसते, पण जाताना खड्डा ठेवून जाते."

"मग खड्ड्याला औषध?" बायकोनं विचारलं.

"आहेत उपाय. पण मुरूम घालवणं सोपं आणि वण घालवणं अवघड. म्हणून ती वेळच येऊ द्यायची नाही."

पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची होती. तोवर इतक्या लांब यायची गरज नाही, दर महिन्याला फोटो पाठवा, असं डॉक्टर म्हणाल्या. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. खिडकीच्या उजेडात, पावडर न लावता, जशी आहे तशी. फोटोत गाठी वाढलेल्या दिसल्या तर लगेच बोलावून घेईन.

फोटोवाल्याची छाती फुगली. "मॅडम, फोटो हा तर आमचा धंदाच आहे."

"मग उत्तमच झालं," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतताना बसमध्ये बायको कुरकुरली, "फोटो बघून औषध द्यायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार झाला."

"अगं, पण फोटो काढणार कोण आहे?" तो म्हणाला. बारकी दोघांच्या मध्ये बसून हसली. मलमाची पिशवी तिनं घर येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

पहिला महिना भरला तेव्हा त्यानं स्टुडिओच्या खिडकीचा पडदा बाजूला केला आणि स्टूल उजेडात ओढलं. बाजूनं येणारा उजेड कुणाची गय करत नाही, हे त्याला माहीत होतं. गिऱ्हाइकाला तो कधीच तसा बसवत नसे. बारकी समोर बसली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली. "झालं?" तिनं विचारलं आणि उठून गेली. एरवी फोटो काढला की आधी तिलाच बघायचा असायचा, बापाच्या काखेतून मुंडी घालून बघायची. त्या दिवशी तिनं मान वळवलीसुद्धा नाही.

त्यानं फोटो पडद्यावर मोठा केला.

त्या पडद्यावर त्यानं अख्ख्या गावाची तोंडं मोठी करून पाहिली होती. वैद्याला जशी नाडी, न्हाव्याला जसं डोकं, तसा त्याला माणसाचा गाल. त्यात वाईट वाटण्यासारखं कधी काही नव्हतं. पण आता पडदाभर बारकीचा गाल होता. माणूस आपल्या पोराला रोज बघतो म्हणजे काय बघतो? जेवली का, रुसली का, एवढंच. इथे लालभडक उंचवटे होते, पिवळी टोकं होती, जबड्यावर दोनच्या चार गाठी झाल्या होत्या, आणि या सगळ्याच्या वर डोळे होते ते मात्र कॅमेऱ्याकडे नव्हते, जमिनीकडे होते. आपल्या लेकीला असं कुणी बघावं, मोठं करून बघावं, हे त्याला सहन होईना.

नाकाशेजारचा एक फोड त्यानं पुसला. हा एकच, असं मनाशी म्हणाला. मग त्याच्या शेजारचा. हात आपोआप चालत होता. भानावर आला तेव्हा पडद्यावर गेल्या वर्षीची बारकी बसली होती, आणि तिला बघून तो खरंच हसला. इतकं साफ केलेलं चालायचं नाही हे त्याला लगेच कळलं. म्हणून त्यानं थोडा लालपणा परत आणला, कपाळावर चार बारीक फोड ठेवले, तीळ तर ठेवलाच. अगदी बरी होत चाललेली मुलगी दिसावी तशी ती दिसायला लागली. बाजूचे दोन्हीही तसेच केले आणि तिन्ही फोटो त्यानं डॉक्टरांना पाठवून दिले.

डॉक्टरच म्हणाल्या होत्या की आधी वाढल्यासारखं वाटेल. म्हणजे पुढच्या महिन्यात चेहरा असाच होणार. मग पुढच्या महिन्याचा चेहरा आज पाठवला, एवढंच, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणसाच्या तोंडी 'एवढंच' आलं की खुशाल समजावं, बरंच काही झालेलं आहे.

उत्तर संध्याकाळी आलं. त्यानं ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. "छान सुधारणा आहे. तेच चालू ठेवा."

बारकीचा हात जबड्याकडे गेला. "पण इथे जास्त दुखतंय, बाबा."

"आधी वाढल्यासारखं वाटेल म्हणाल्या होत्या ना? औषध आत काम करतंय."

"हो?" ती म्हणाली, आणि तिनं हात खाली घेतला.

दुसऱ्या महिन्यात गाठी आणखी वाढल्या. खरा फोटो पाठवायचा तर डॉक्टर विचारणार, मागच्या महिन्यात एवढं छान होतं, मग एकदम असं कसं? त्याला काय सांगायचं? तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं तर चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं मागचा साफ केलेला फोटो शेजारी उघडला आणि नवा त्याच्याहून जरासा बरा केला. मोठ्या कसबानं केला. लालपणा किती उतरावा, कुठला फोड सुकल्यासारखा दिसावा, याचा त्यानं असा बारीक विचार केला की औषधाला आपलं काम त्याच्याकडून शिकता आलं असतं. "उत्तम," डॉक्टरांनी कळवलं.

त्याला कळत नव्हतं असं नाही. उगाच भोळेपणाचं पांघरूण त्याच्यावर घालायला नको. रोज सकाळी चहाच्या वेळी बारकी समोर बसायची आणि तो पेपरमध्ये तोंड घालायचा, हे कळल्याचंच लक्षण होतं.

बायकोलाही दिसत होतं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" ती एका सकाळी डबा भरता भरता म्हणाली. "पोरीचं तोंड सुजलंय. उशीवर रक्ताचे डाग पडतात, मी धुते ते अभ्रे. उद्या जाऊ आपण, तारीख असो नसो."

"तू रोज बघतेस ना, म्हणून तुला फरक कळत नाही," तो म्हणाला. "डॉक्टर महिन्यानं बघतात, त्यांना कळतो. एवढी शिकलेली बाई उत्तम म्हणते, आणि तू जाऊन काय सांगणार? तुमचं चुकतंय?"

बायकोनं डब्याचं झाकण लावलं. शिकलेल्या बाईचं नाव काढलं की ती गप्प होते, हे नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

बारकीनं स्टुडिओत येणं बंद केलं. अभ्यास आहे म्हणायची. शाळेत शेवटच्या बाकावर बसायला लागली, केस पुढे सोडायला लागली. एके दिवशी तिनं आईला विचारलं, "आई, माझे डोळे तपासून घ्यायचे का?" आईला वाटलं, फळ्यावरचं दिसत नसेल. चष्म्याच्या दुकानात नेऊन तपासून आणलं. डोळे ठणठणीत होते. हे ऐकून बारकीला बरं वाटायला हवं होतं, तर ती रस्ताभर रडत आली, आणि का रडतेस म्हणून विचारलं तर सांगेना. नंतर मात्र तिनं दुखतंय म्हणून सांगायचंही सोडून दिलं. मलम लावायची, गोळी घ्यायची, महिना भरला की बाजूच्या उजेडात येऊन बसायची आणि निघून जायची. डॉक्टरांचं उत्तर बाप मोठ्यानं वाचायचा तेव्हा ताटातली बोटं तेवढी थांबायची.

सहा महिन्यांनी तारीख आली. जायच्या आदल्या दिवशी फोटोवाल्याला कणकण आल्यासारखं वाटत होतं. पुढच्या महिन्यात जाऊ, असं त्यानं म्हणूनही पाहिलं. "मी रजा टाकलीय," बायको म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

डॉक्टरांनी आधी कॉम्प्युटरवर फोटो उघडले, मग मान वर करून बारकीकडे पाहिलं. पुन्हा फोटोंकडे पाहिलं. "सिस्टर," त्यांनी हाक मारली, "ही दुसऱ्याच पेशंटची फाइल उघडली का?"

सिस्टरनं येऊन बघितलं. फाइल तीच होती. डॉक्टरांनी फोटो मोठा केला, उठून बारकीच्या कानावरचे केस बाजूला केले. "तीळ तोच आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग फोटोवाल्याकडे वळल्या. "कुठल्या मोबाइलवर काढता फोटो? हल्लीचे मोबाइल आपणहून चेहरा गुळगुळीत करतात. तुमच्या लक्षात आलं नसेल."

सुटकेचं दार उघडं होतं. त्यानं हो म्हणायला तोंड उघडलंही. पण बायको त्याच्या आधी बोलली, आणि अभिमानानं बोलली. "मोबाइलवर कुठले, मॅडम! यांचा स्टुडिओ आहे. चांगल्या मोठ्या कॅमेऱ्यानं काढतात, मग कॉम्प्युटरवर घेऊन तुम्हाला पाठवतात. यांच्या हातासारखा हात आमच्या सगळ्या रस्त्यावर नाही."

बोलता बोलता तिचा आवाज लहान होत गेला. नवऱ्याच्या तोंडाकडे तिचं लक्ष गेलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला दाखवा," बारकी म्हणाली. डॉक्टरांनी जरा विचार केला आणि पडदा तिच्याकडे वळवला.

सहा महिन्यांच्या सहा बारक्या ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येक आधीच्या बारकीपेक्षा थोडी बरी. शेवटची तर जवळजवळ साफ. बारकीनं त्या सगळ्या नीट बघितल्या.

"म्हणजे आरसा बरोबर होता," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही, म्हणून तिनंच सांगितलं. "मला वाटायचं, मलाच जास्त दिसतंय. डॉक्टर छान म्हणतात आणि मला आरशात वेगळंच दिसतं, म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय. डोळे नाही तर डोकं. म्हणून मी दुखतंय म्हणायचं बंद केलं. वेड लागलंय म्हणाल, असं वाटलं."

बायकोनं पदर तोंडाला लावला.

"तुला वाईट वाटू नये म्हणून..." फोटोवाला म्हणाला.

"मी कुठे फोटो बघत होते, बाबा?" बारकी म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिनं. "मी एकदाही बघितले नाहीत. मग कुणाला वाईट वाटू नये म्हणून?"

उत्तर खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं.

डॉक्टर चिडल्या होत्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "हे दुसऱ्या महिन्यात मला दिसलं असतं ना, तर तेव्हाच मोठी गोळी चालू केली असती. यातले निम्म्याहून जास्त खड्डे पडलेच नसते." मग म्हणाल्या, "मीही पोरीला एकदा फोन करून दुखतंय का विचारायला हवं होतं. फोटो इतके चांगले होते की विचारावंसं वाटलं नाही."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. दोन मोठ्या गाठींत आजच सुई द्यायची म्हणजे सूज उतरेल. रक्त तपासून मोठी गोळी, काही महिने. सगळं शांत झालं की थोडं थांबून वणांचं बघायचं. पसरट खड्ड्यांची कातडी आतून धाग्यांनी खाली ओढलेली असते. तिथे खालून सुई फिरवून ते धागे सोडवायचे. बारीक खोल भोकांवर आम्लाचे ठिपके. बाकी गालांवर बारीक सुयांचं यंत्र, नाही तर लेझर. एका बैठकीत होत नाही, मध्ये महिना दीड महिना सोडावा लागतो. तोंड सुजतं, लाल होतं, खपल्या धरतात.

"मग पहिल्यासारखं होईल?" आईनं विचारलं.

"बरंच भरून येईल. लांबून पटकन दिसणार नाही. पण पहिल्यासारखं होणार नाही. हे पुसता येत नाही."

फोटोवाला भिंतीकडे बघत होता. हे शेवटचं वाक्य त्याच्यासाठी नव्हतं, पण लागलं त्यालाच.

"सिस्टर, फोटो घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "यापुढे इथेच घ्यायचे, दर वेळी." सिस्टरनं बाजूचा दिवा लावला. फोटोवाल्याचा हात सवयीनं पुढे झाला, दिवा जरा वर हवा होता. बारकी म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर थांबा." आणि तो बाहेर जाऊन बाकावर बसला.

पुढचं वर्ष, दीड वर्ष त्या बसमध्ये गेलं. गोळीनं ओठ फाटले, नाकातून रक्त यायचं, पण मुरमं गेली, अगदी गेली. मग सुया झाल्या. बारकी सुजलेलं तोंड घेऊन यायची आणि खिडकीपाशी बसायची. आई सोबत असायची. फोटोवाला कधी गेला तर बाहेरच्या बाकावर बसायचा. बैल गेला आणि झोपा केला, असं बायको त्याला एकदा म्हणाली. नंतर तेही म्हणेनाशी झाली, आणि ते न म्हणणं म्हणण्यापेक्षा वाईट होतं. घरात कुणी त्याच्याशी कमी बोलत नव्हतं. बारकी त्याला चहा द्यायची, चष्मा शोधून द्यायची, परीक्षेचे मार्क सांगायची. पण स्टुडिओचा उंबरा मात्र तिनं पुन्हा ओलांडला नाही. तान्ही पोरं तिथे आता नुसती रडायची. तो खुळखुळा वाजवायचा, त्याचा काही उपयोग व्हायचा नाही.

खड्डे बरेच भरले. जबड्याच्या कडेला आणि डाव्या गालावर राहिले ते राहिले.

मग कॉलेजच्या अर्जाला फोटो लागणार, असं तिनं जेवताना सांगितलं. फोटोवाल्याच्या हातातला घास तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं सकाळीच दुकान झाडलं, स्टूल पुसलं, मागचा पडदा इस्त्री केला. काय म्हणायचं ते त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होता, बारके, तू म्हणशील तसा काढतो. तू शेजारी बस आणि बघ, माऊसला मी हात लावणार नाही. हे वाक्य त्यानं इतक्यांदा घोकलं की गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायचे विसरला. दुपार उलटली, शाळा सुटून गेली, बारकी आली नाही.

आला तो समोरचा. एवढ्या वर्षांत त्यानं या दुकानाची पायरी चढली नव्हती. दारातच घुटमळला.

"तुमची मुलगी आली होती माझ्याकडे," तो म्हणाला. "फोटो काढला. म्हटलं तुमच्या कानावर घालावं, उगाच गैरसमज नको."

फोटोवाल्यानं नुसती मान हलवली.

"धंद्यातल्या माणसाची पोर, म्हणून मी जरा मन लावून टचिंग केलं हो. तुमच्याइतकं नाही जमत मला, पण केलं. तर तिनं सगळ्या कॉप्या परत दिल्या. म्हणाली, काका, पुन्हा काढा, आणि हात लावू नका. मी म्हटलं, अगं थोडं तरी, तुझ्या बाबांना काय वाटेल? तर पुन्हा जाऊन स्टुलावर बसली. शेवटी तशाच दिल्या." त्याला चेष्टा करायची नव्हती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि चेष्टा केली असती तर फार बरं झालं असतं. "चुकलं तर नाही ना माझं?"

"नाही," फोटोवाला म्हणाला. "बरोबर केलंत."

घरी आला तेव्हा बारकी टेबलापाशी अर्ज भरत बसली होती. शेजारी पाकीट होतं, त्यावर पलीकडच्या दुकानाचा शिक्का. त्यानं विचारलं, "बघू?" तिनं पाकीट पुढे सरकवलं.

जड हाताचा फोटो होता. दिवा भलतीकडे, पडद्याला चुणी, डोक्यावर जागा नको तेवढी सोडलेली. आणि मध्ये बारकी, कॅमेऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेली. डाव्या गालावरचे खड्डे, जबड्यावरची ओढलेली कातडी, कानापाशी तीळ. त्यानं तिला रोज पाहिलं होतं, आणि या सगळ्या काळात एकदाही पाहिलं नव्हतं. किती मोठी झाली होती. त्याला रडू आलं, पण ते आता कुणासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याचा अंगठा सवयीनं उचलला गेला आणि फोटोतल्या त्या गालावरून हलकेच फिरला.

बारकीनं लिहिता लिहिता मान वर केली.

"अंगठा नका लावू, बाबा," ती म्हणाली आणि फोटो त्याच्या हातातून काढून घेतला. "डाग पडतो."